भग्न जबड्याची पुनर्घटना

मनुष्याच्या मुखमंडलाचे वर्णन करू लागले म्हणजे लेखणी डोळ्यांपाशी, नासिकेपाशी आणि ललाटापाशी रेंगाळते. परंतु ज्या एका अस्थीच्या आश्रयाने मनुष्य घास चावतो, शब्द उच्चारतो, लाळ गिळतो आणि रात्री उताणा निजला तरी गुदमरल्यावाचून श्वास घेतो, त्या खालच्या जबड्याची आठवण दाढ ठणकू लागल्याखेरीज सहसा कोणास होत नाही. असा हा उपेक्षित अवयव व्याधीमुळे किंवा अपघातामुळे काढून टाकावा लागला, तर त्याच्या जागी दुसरा जबडा घडविता येईल काय, आणि घडविता आला तरी त्याने भाकरी चावता येईल काय, हा प्रश्न शस्त्रवैद्यकासमोर गेली शंभराहून अधिक वर्षे उभा आहे. आज त्याचे उत्तर बहुतांशी होकारार्थी देता येते. पण ते हाती येण्यास दोन महायुद्धे, एक सूक्ष्मदर्शक यंत्र आणि निराळ्याच हेतूने सशांवर केलेला एक प्रयोग यांचे साहाय्य लागले.

कवटीच्या हाडांत, कानातील सूक्ष्म अस्थींचा अपवाद केल्यास, चल असे हाड हे एकच आहे. पुढे हनुवटी, तिच्या दोन्ही अंगांना दातांच्या रांगा धारण करणारे आडवे भाग, मागे कोन करून कानाकडे चढत जाणाऱ्या दोन उभ्या फळ्या आणि त्यांच्या टोकांशी, कानांच्या थोडे पुढे, दोन सांधे, अशी त्याची ठेवण असते; आणि हे दोन्ही सांधे एकाच अखंड हाडाने जोडलेले असल्यामुळे उजवा हलला की डाव्याला हलावेच लागते. चर्वणाचे काम करणारे बळकट स्नायू या हाडाच्या मागच्या भागाला बिलगलेले असतात, तर जिभेला पुढे ओढून धरणारे आणि तोंडाचा तळ सावरणारे स्नायू हनुवटीच्या आतल्या अंगाला रुजलेले असतात. हाडाच्या पोटातून एक अरुंद नलिका जाते, आणि तिच्यातील चेता खालच्या दातांना व खालच्या ओठाला संवेदना पुरविते. तात्पर्य, जबडा म्हणजे केवळ दातांची बैठक नव्हे. जीभ, ओठ, घसा आणि श्वासमार्ग यांचा सारा बंदोबस्त निसर्गाने त्याच्याकडे सोपविला आहे.

म्हणूनच त्याचा कोणता भाग गेला यावर हानीचे स्वरूप अवलंबून असते. बाजूचा तुकडा गेला, तर उरलेला जबडा स्नायूंच्या ओढीने गेलेल्या बाजूकडे कलतो आणि वरचे व खालचे दात एकमेकांवर बसेनासे होतात. घास तोंडात फिरतो, पण त्याचे चर्वण होत नाही. हनुवटीचा भाग गेला तर अनर्थ याहून मोठा. जिभेचा आधारच निखळल्यामुळे ती मागे घशात पडू पाहते, खालचा ओठ लोंबतो, लाळ अखंड गळत राहते आणि बोलणे इतरांना उमगत नाही. अमेरिकेत १९१७ पासून छापून येऊ लागलेल्या एका लोकप्रिय चित्रमालिकेतील अँडी गंप नावाचे पात्र हनुवटीवाचूनच रेखाटलेले असे. तेथील शस्त्रवैद्यांनी या व्यंगाला त्याचेच नाव दिले आणि वैद्यकीय ग्रंथांत ते आजही रूढ आहे. नाव विनोदी असले तरी ज्याच्या वाट्याला ते व्यंग येते, तो पंगतीला बसणे सोडतो, लग्नकार्याला जाणे टाळतो आणि तोंडावर रुमाल धरल्याखेरीज घराबाहेर पडत नाही.

आपल्याकडे हे संकट फार करून तंबाखूच्या वाटेने येते. चुन्यात मळलेली तंबाखू, विदर्भातील खर्रा, मावा, गुटखा यांपैकी काहीतरी गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत तासन्‌तास धरून ठेवण्याची सवय ज्यांना जडली आहे, त्यांच्या तोंडातील कर्करोग पुष्कळदा त्याच खोबणीत उद्भवतो. आणि हिरडीच्या पातळ आवरणाखाली हाड अगदी लगत असल्यामुळे रोग त्यात शिरण्यास फार विलंब लागत नाही. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ व मुखपोकळी यांच्या कर्करोगाचे एक लाख चाळीस हजारांहून अधिक नवे रुग्ण होते. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली खरी. परंतु हुकूम काढणे आणि त्याचा अंमल होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही बसस्थानकाबाहेर घटकाभर उभे राहिले असता ध्यानात येते. कर्करोगाखेरीज इतरही कारणे आहेत. दात घडविणाऱ्या पेशींपासून वाढणारी अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ कर्करोगात मोडत नसली तरी हाड आतून पोखरीत जाते आणि अनेकदा ऐन तारुण्यात दिसून येते. रस्त्यांवरील अपघात व बंदुकीच्या गोळ्या जबड्याचे तुकडे करतात. आणि कर्करोगावरील किरणोपचाराने कधी कधी निरोगी हाडाचेच रक्त आटून ते सडू लागते.

रोग हाडाच्या कडेपर्यंतच पोचला असेल, तर शस्त्रवैद्य वरची कड तेवढी तासून काढतात आणि खालची शाबूत ठेवतात. मग जबड्याची कमान अखंड राहते आणि पुनर्घटनेचा मोठा खटाटोप करावा लागत नाही. रोग हाडाच्या गाभ्यात उतरला असेल, तर मात्र पूर्ण जाडीचा तुकडा काढण्यावाचून गत्यंतर नसते. रुग्णाचे नातेवाईक ज्याला ‘जबडा काढला’ असे म्हणतात, ते हेच.

हरपलेला अवयव रुग्णाच्याच देहातून घडविण्याची विद्या आपल्या प्रांताला अपरिचित नव्हती. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याकडील एक हकीकत सचित्र प्रसिद्ध झाली. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपूच्या हाती सापडला असता त्याचे नाक छाटण्यात आले होते. एका परंपरागत कारागिराने कपाळाचे कातडे खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले, आणि मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ती क्रिया डोळ्यांनी पाहिली, असा तिचा मजकूर होता. ती वाचून लंडनमधील जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया यशस्वीपणे केली. या कृतीचे मर्म असे की, कपाळाचे कातडे कापताना भुवयांमधला त्याचा देठ तोडावयाचा नाही. त्या देठातून रक्त वाहत राहते तोवर कातडे जिवंत राहते. कातड्याच्या बाबतीत ही गोष्ट पुण्याच्या त्या अनाम कारागिराला ठाऊक होती; हाडाच्या बाबतीत तीच साधण्यास जगाला पुढे सुमारे एकशे ऐंशी वर्षे खर्च करावी लागली.

त्या प्रवासाचा पहिला मोठा टप्पा म्हणजे पहिले महायुद्ध. खंदकात उभ्या असलेल्या शिपायाचे धड मातीआड सुरक्षित असे आणि डोके मात्र तोफगोळ्यांच्या व नेमबाजांच्या टप्प्यात येई. परिणामी पूर्वीच्या कोणत्याही युद्धात दिसले नव्हते इतके छिन्नभिन्न चेहरे फ्रान्समधील इस्पितळांत येऊन पडू लागले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅरल्ड गिलीज हे मूळचे कान-नाक-घशाचे वैद्य. फ्रान्समध्ये असताना त्यांनी शार्ल व्हालादिए या दंतवैद्याचे जबड्यावरील काम पाहिले, आणि या कामासाठी स्वतंत्र रुग्णालय असले पाहिजे असा आग्रह वरिष्ठांकडे धरला. १९१७ साली लंडनजवळ सिडकप येथे क्वीन्स हॉस्पिटल उघडले, आणि पुढील काही वर्षांत तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. गिलीज यांच्या जोडीला विल्यम केल्सी फ्राय हे दंतवैद्य होते. मऊ भागांचा भार शस्त्रवैद्याने आणि हाडे व दात यांचा भार दंतवैद्याने उचलावा, अशी कामाची वाटणी त्या दोघांत ठरली. तोंडावरच शस्त्रक्रिया चालू असल्यावर भुलीचा मुखवटा कोठे धरावा, ही अडचण आयव्हन मॅगिल व स्टॅन्ली रोबॉथम या भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालण्याची पद्धत सुधारून दूर केली. भुलीची ती रीत आज प्रत्येक इस्पितळात नित्याची झाली आहे.

जबडा फुटलेल्या शिपायाला स्ट्रेचरवर उताणे निजविले तर जीभ मागे पडून तो वाटेतच गुदमरतो, म्हणून त्याला बसवून, तोंड पुढे झुकवून न्यावे, हाही त्याच काळात रक्त सांडून मिळालेला धडा होय. परंतु हाड भरून काढण्याच्या कामी यश बेभरवशाचे होते. नडगीचा, बरगडीचा किंवा कमरेच्या हाडाच्या कडेचा तुकडा काढून जबड्यातील खिंडारात बसवीत. पण प्रतिजैविके अद्याप जन्मास यावयाची होती, तोंडातील लाळ जंतूंनी भरलेली, आणि तिचा स्पर्श झाला की तो तुकडा सडून बाहेर पडे. म्हणून आधी तोंडाची आतली जखम पूर्णपणे भरू द्यावी, मग बाहेरून छेद घेऊन, लाळेचा संपर्क टाळून हाड बसवावे, असा सबुरीचा नियम घालून घ्यावा लागला. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील रेन्सफर्ड मोलेम यांनी कमरेच्या हाडातील स्पंजासारख्या मऊ भागाचे बारीक तुकडे वापरण्याची पद्धत १९४४ साली प्रसिद्ध केली; घट्ट हाडापेक्षा या तुकड्यांत नव्या रक्तवाहिन्या लवकर शिरतात, असा त्यांचा अनुभव होता.

येथे हाडाविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. हाड म्हणजे दगड किंवा चुना नव्हे. ती रक्तावर पोसलेली, अहोरात्र झिजणारी आणि अहोरात्र नव्याने घडणारी सजीव वस्तू आहे. रक्तापासून तोडलेला तुकडा नव्या जागी बसविला की त्यातील बहुतेक पेशी मरतात. आजूबाजूच्या भागांतून नवी रक्तवाहिनी त्यात हळूहळू शिरते, जुने हाड विरघळत जाते आणि त्याच साच्यात नवे हाड तयार होते. खिंडार लहान असेल, भोवतालचे मांस सुदृढ असेल आणि किरणोपचार झालेला नसेल, तर हा व्यवहार सुरळीत पार पडतो. परंतु तुकडा पाच-सहा सेंटिमीटरांहून लांब झाला, किंवा किरणांनी भोवतालची भूमी नापीक करून टाकली, की मधला भाग उपाशी राहून विरून जातो. तोडलेली फांदी जमिनीत खोवून ती मूळ धरील अशी आशा करणे निराळे, आणि मुळांसकट खणून काढलेले झाड ओल्या खड्ड्यात लावणे निराळे. हाडाचे असे मुळांसकट स्थलांतर करावयाचे तर त्याची रोहिणी आणि नीला सोबत नेऊन त्या नव्या ठिकाणच्या रक्तवाहिन्यांना शिवाव्या लागतात.

रक्तवाहिन्या शिवण्याची रीत अलेक्सिस कॅरल यांनी १९०२ साली मांडली होती आणि तिच्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण ज्या वाहिन्यांची जाडी दोन-तीन मिलिमीटरच असते, त्या नुसत्या डोळ्यांनी शिवणे अशक्यप्राय होते. १९६० साली अमेरिकेतील व्हरमाँट येथे ज्यूलियस जेकबसन आणि अर्नेस्टो स्वारेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली असे टाके घालून दाखविले, आणि केसाहून बारीक धाग्याची ही शिवणकला लवकरच जगभर पसरली. १९७५ साली मेलबर्नच्या इयन टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायातील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह उचलून दुसऱ्या पायाच्या मोडलेल्या नडगीत बसविल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. आणि १९८९ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी तेच हाड कापून, वाकवून खालच्या जबड्यासाठी वापरण्याची पद्धत वैद्यकजगतापुढे ठेवली. आज जबड्याच्या पुनर्घटनेत सर्वांत अधिक भिस्त याच हाडावर ठेवली जाते.

या निवडीमागील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. गुडघ्याखाली दोन हाडे असतात: पुढे हाताला लागणारी जाड नडगी, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला पोटरीच्या मांसात दडलेले फिब्युला नावाचे बारीक, लांब हाड. देहाचा बहुतेक भार नडगी वाहते, त्यामुळे गुडघ्यालगतचा आणि घोट्यालगतचा भाग शाबूत ठेवून मधले वीस ते पंचवीस सेंटिमीटर फिब्युला काढून घेतले तरी मनुष्य चालू शकतो. आणि एवढ्या लांबीत एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचा जवळजवळ सारा जबडा घडविता येतो. हाडाला चिकटून जाणारी रोहिणी पुरेशी लांब असते. तिच्याच शाखांवर जगणारा कातडीचा तुकडा हाडासोबत उचलता येतो, आणि तो तोंडाच्या आत गेलेल्या आवरणाची जागा घेतो. शिवाय मुखापासून पाय दूर असल्यामुळे एक पथक गळ्यात व तोंडात रोग काढीत असतानाच दुसरे पथक पोटरीत काम करू शकते, ही सोयही थोडी नव्हे.

शस्त्रक्रियेपूर्वी पायाच्या रक्तवाहिन्यांची खातरजमा करणे मात्र अत्यावश्यक असते. कारण काही जणांच्या पावलाचे रक्त मुख्यत्वे याच रोहिणीवर अवलंबून असते, आणि अशा माणसाचे फिब्युला घेतले तर जबड्यापायी पाऊल गमावण्याची पाळी येईल. सारे काही अनुकूल असेल तर हाड उचलतात, ठरलेल्या कोनांत त्याचे दोन, तीन किंवा अधिक तुकडे करून सरळ हाडाला हनुवटीची व कोपऱ्याची वळणे देतात, टिटॅनियमच्या पट्ट्यांनी व स्क्रूंनी ते उरलेल्या जबड्याशी जखडतात, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली गळ्यातील रोहिणी व नीला यांना त्याच्या वाहिन्या जोडून देतात. तुकडे करतानाही हाडावरील पातळ वेष्टण अखंड ठेवावे लागते, कारण त्यातूनच प्रत्येक तुकड्याला रक्त मिळते. चिमटे सोडल्यावर फिकट पडलेल्या कातडीवर लाली चढली आणि हाडाच्या कापलेल्या टोकांतून रक्त पाझरू लागले, म्हणजे आठ-दहा तासांच्या श्रमांचे चीज झाले असे समजावे.

तरीही पहिले दोन-तीन दिवस कोणी निर्धास्त राहत नाही. परिचारिका तासातासाला त्या कातडीचा रंग पाहतात, बोट दाबून रक्त परतते की नाही ते तपासतात, आणि शंका आल्यास सुई टोचून बघतात. लालभडक थेंब आला तर ठीक, काळसर रक्त वाहू लागले तर नीलेत गुठळी अडकली असे ओळखून रुग्णाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. अनुभवी केंद्रांत शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक वेळा असे हाड जगते. रुग्णाच्या गळ्यात श्वासासाठी छिद्र केलेले असते, अन्न काही दिवस नाकातील नळीने दिले जाते. पाय लवकरच जमिनीवर टेकविण्यास सांगतात, पण घोट्याचा ताठरपणा आणि अंगठ्यातील अशक्तपणा काहींना बराच काळ जाणवतो.

प्रत्येकाला फिब्युलाच लावावे असा मात्र नियम नाही. कमरेच्या हाडाची कड उंचीने अधिक भरते. खांद्याच्या फऱ्याची कड वृद्धांना, ज्यांच्या पायाच्या वाहिन्या खराब झाल्या आहेत त्यांना, सोयीची पडते. रुग्ण फार अशक्त असेल, रोग फार पसरलेला असेल किंवा सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारे पथक नसेल, तर छातीचा स्नायू कातडीसकट वर वळवून जखम झाकण्याची, १९७९ साली स्टीफन अॅरियन यांनी प्रसिद्ध केलेली रीत आपल्या देशात आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ती अनेकांचे प्राण राखते, पण हाड देत नाही. हाड न बसविता नुसती टिटॅनियमची पट्टी दोन टोकांमध्ये टाकण्याचाही मार्ग आहे. तो झटपट असला तरी चिरस्थायी नव्हे: दररोज शेकडो वेळा चावण्याचा ताण सोसून धातू शिणतो आणि एके दिवशी मोडतो, अथवा हनुवटीच्या ठिकाणी कातडी झिजवून बाहेर डोकावू लागतो. मागे जिवंत हाड असेल तर ते काही महिन्यांत जुळून भार स्वतःकडे घेते, आणि पट्टीचे काम तात्पुरत्या जामिनाचे उरते.

इतके झाल्यावर चेहऱ्याला आकार येतो, जीभ जागेवर येते, लाळ आवरते. पण जबडा पुरा झाला असे म्हणता येत नाही, कारण त्यावर दात नाहीत. नेहमीची कवळी येथे चालत नाही. तिला बसावयास हिरडीचा उंचवटा आणि गालाची खोबण लागते, आणि पायाच्या सपाट कातडीवर ती क्षणभरही ठरत नाही. ही उणीव एका स्वीडिश संशोधकाच्या कामामुळे भरून निघाली. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५० च्या दशकात सशांच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टिटॅनियमची एक छोटी नळकांडी हाडात बसवीत असत. काम संपल्यावर ती काढू गेले तो हाड त्या धातूला असे एकजीव चिकटलेले आढळले की ती सुटेना. या निरीक्षणाचे मोल त्यांनी ओळखले, आणि १९६५ साली गोथेनबर्ग येथे एका रुग्णाच्या खालच्या जबड्यात टिटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभे केले. वैद्यकवर्गाचा अविश्वास बरीच वर्षे टिकला. १९८२ साली टोरोंटो येथे भरलेल्या परिषदेनंतर तो ओसरला. ज्याला आपण आज सर्रास इम्प्लांट म्हणतो, तो हाच स्क्रू: सुमारे चार मिलिमीटर जाड, दहा मिलिमीटरांच्या आसपास लांब, आणि तीन ते सहा महिन्यांत हाडाशी एकरूप होणारा.

फिब्युलाची वरची-खालची भिंत घट्ट असल्यामुळे इम्प्लांट त्यात चांगले पकड घेतात. मात्र अडचणी तीन आहेत. दात असलेल्या मूळच्या जबड्याच्या जवळपास निम्मीच उंची या हाडाला असते, म्हणून कधी ते दुमडून एकावर एक अशा दोन थरांत बसवावे लागते. पायाची जाड, हलती कातडी इम्प्लांटभोवती सुजते, तेव्हा ती पातळ करून तेथे टाळूचे घट्ट आवरण लावावे लागते. आणि तिसरी, सर्वांत कठीण अडचण किरणोपचाराची: ज्या हाडावर किरणांचा पूर्ण मारा झाला, त्यात रुजण्याची शक्ती कमी होते, म्हणून इम्प्लांट शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवावेत की किरणोपचारानंतर कित्येक महिने थांबावे, याविषयी तज्ज्ञांमध्ये मसलत चालते आणि निर्णय रुग्णागणिक बदलतो. अमेलोब्लास्टोमासारख्या, कर्करोगात न मोडणाऱ्या गाठीच्या तरुण रुग्णाला किरणे द्यावी लागत नाहीत. म्हणून दातांसह परिपूर्ण जबडा मिळण्याचा योग त्याच्याच वाट्याला अधिक येतो.

गेल्या वीसेक वर्षांत या विद्येला गणकयंत्राची जोड मिळाली आहे. रुग्णाच्या तोंडाचा व पायाचा सी.टी. स्कॅन घेऊन, कोठे कापावयाचे आणि कोणत्या कोनात जोडावयाचे याचा सारा बेत पडद्यावर आधीच आखला जातो; त्याबरहुकूम करवतीला वाट दाखविणारे साचे त्रिमितीय मुद्रणाने तयार होतात, आणि पूर्वी शस्त्रवैद्याच्या नजरेवर अवलंबून असलेले माप आता मिलिमीटरात ठरते. न्यूयॉर्कमधील एका पथकाने २०१३ साली हाड, इम्प्लांट आणि दात एकाच शस्त्रक्रियेत बसविण्याची रीत प्रसिद्ध केली. निवडक रुग्णांतच ती शक्य असली तरी दिशा कोणती आहे, हे तिने दाखविले.

पायाला हातच लावावा लागू नये, अशीही स्वप्ने पाहिली गेली आहेत. २००४ साली जर्मनीतील कील येथील शस्त्रवैद्यांनी टिटॅनियमच्या जाळीचा जबडा करून त्यात हाडाचे खनिज, रुग्णाचीच अस्थिमज्जा आणि हाडाच्या वाढीला चालना देणारे एक प्रथिन भरले, तो सांगाडा रुग्णाच्या पाठीच्या स्नायूत सात आठवडे वाढू दिला, आणि मग रक्तवाहिन्यांसह उचलून जबड्याच्या जागी लावला. जून २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये त्र्याऐंशी वर्षांच्या एका वृद्धेचा संसर्गाने निकामी झालेला संपूर्ण खालचा जबडा काढून, टिटॅनियमची भुकटी लेसरने थराथराने वितळवून घडविलेला, १०७ ग्रॅम वजनाचा कृत्रिम जबडा बसविण्यात आला. दोन्ही प्रयोग अद्भुत आहेत. पण रोजच्या व्यवहारात त्यांनी पोटरीतील हाडाची जागा अद्याप घेतलेली नाही.

या साऱ्या यशाची हद्दही सांगितली पाहिजे. कापलेली चेता सहसा परत जोडली जात नाही, त्यामुळे खालचा अर्धा ओठ बधिर राहतो आणि चहा ओघळला तरी कळत नाही. तंबाखूने व किरणांनी ताठर झालेले तोंड उघडते ठेवण्यासाठी महिनोन्‌महिने व्यायाम करावा लागतो. जीभ किती शिल्लक राहिली यावर बोलण्याची स्पष्टता ठरते. आणि दात बसेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज उलटते. इम्प्लांटवरील दातांचा खर्च बहुतेक कुटुंबांना मोठा वाटतो, आणि म्हणूनच आपल्याकडे हाड मिळालेले पुष्कळ, पण दात मिळालेले थोडे, अशी स्थिती आहे. माझ्या मते ही स्थिती समाधान मानण्याजोगी नाही. ज्या जबड्याने चावता येत नाही, त्याची पुनर्घटना अर्ध्यावर सोडलेली आहे. आणि सरकारी योजनांनी हाडाच्या शस्त्रक्रियेइतकीच दातांचीही तरतूद केली, तरच ती पूर्ण होईल.

वाचकांनी मात्र त्या तरतुदीची वाट पाहू नये. तोंडातील व्रण, पांढरा अथवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर दंतवैद्याकडे जाण्यास एक दिवसही दवडू नये. कडेवरच्या रोगाला कडच द्यावी लागते, गाभ्यातल्या रोगाला सारा तुकडा. घरात कोणावर ही शस्त्रक्रिया होणार असेल, तर हाड त्याच वेळी बसविणार की नंतर, ते कोठून घेणार, पुढे दात बसविता येतील काय, हे प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारावेत; किडलेले दात किरणोपचार सुरू होण्यापूर्वीच काढून घ्यावेत; आणि तंबाखू शस्त्रक्रियेच्या आधीच कायमची सोडावी, कारण ती बारीक रक्तवाहिन्या आकसविते, आणि नवा जबडा जगतो तो त्याच रक्तवाहिन्यांवर.